ज्या लग्नाची तिथी मला ठाऊक नाही

ब्रह्मा घाट, वाराणसी
भाद्रपद वद्य पंचमी, शुक्रवार, १२ सप्टेंबर

रुचा,

आशीर्वाद. तो रागावूनही देता येतो, म्हणून आधी लिहून टाकला.

माझा नंबर तू बंद केला आहेस, हे मला कुणी सांगितलं नाही. मी शोधून काढलं. माझ्या फोनवरून लावलं की एक घंटी होऊन तुटतं. आईच्या फोनवरून लावलं की तू दुसऱ्या घंटीला उचलतेस, माझा आवाज ऐकतेस आणि म्हणतेस, "बाबा, आईला द्या." पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही. म्हणून हे पत्र.

तुझा निरोप आईने मला भाजी निवडता निवडता वाचून दाखवला, जणू चंदुआ सट्टीतला भेंडीचा भाव सांगतेय. मी फोन मागून घेतला आणि स्वतः वाचला. तुझ्या म्हणण्याचा अर्थ असा, की महमूरगंजात कुणी मालविका भट्टाचार्य म्हणून आहेत, त्यांना मी भेटावं. भेटून बोलेपर्यंत तू माझा फोन घेणार नाहीस. आणि तुझं नि रोहनचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं आहे, पण तिथी आणि मुहूर्त मला तोवर कळणार नाही.

हे शेवटचं मी तीनदा वाचलं. या गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या लग्नाचे मुहूर्त मी काढून दिलेत. तुझ्या आईला तिथी ठाऊक आहे. दूधवाल्यालाही असेल. मला नाही.

आता मला एक सांग, तो निरोप लिहिला कुणी? तुझी भाषा मी ओळखतो. "स्वतःसाठी मदत घेणं हा कमीपणा नाही" असं तू बोलत नाहीस. तू म्हणाली असतीस, "बाबा, पुरे झालं आता, दाखवा कुणाला तरी." रोहनच्या आई शाळेत मुलांना समुपदेशन करतात, असं तूच सांगितलं होतंस. व्याह्याला आधी वेडा ठरवून मग मांडवात बसवायचा, असा तिकडे रिवाज असेल तर तसं स्पष्ट कळव.

मी काही आंधळेपणाने बोलत नाही. वाचनालयात बसून या विषयावरची दोन पुस्तकं वाचली, एक हिंदी, एक इंग्रजी. या मालविकाबाई डॉक्टर नाहीत, मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांना औषध लिहून देता येत नाही. हा फरक तुझ्या आईला ठाऊक नाही, ती "दवाई देतील, बरं वाटेल" म्हणते. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसतं बोलायचं. बोलायला मला ब्रह्मा घाटावर माणसं कमी आहेत का?

राहिलं निवेदिताचं लग्न. तू तिची मैत्रीण म्हणून आलीस, जे पाहिलंस ते घेऊन पुण्याला गेलीस. मला माझ्या बाजूचं लिहू दे. वाङ्निश्चयात दोन्ही घरांच्या तीन पिढ्या आणि गोत्रं उच्चारायची असतात. एकीकडे वासिष्ठ, दुसरीकडे भारद्वाज. मला शंका आली की मी ती उलटी उच्चारली. शंका असेल तर पुन्हा म्हणावं, म्हणून पुन्हा म्हटलं. तेव्हा वराच्या पणजोबांचं नाव अर्धवट निसटल्यासारखं वाटलं. ते पुन्हा म्हटलं. मुहूर्त अकरा बेचाळीसचा होता, तो थोडा पुढे गेला. एवढंच. यावर जोडीला बसलेल्या यज्ञेश्वरने माझ्या हातातून अक्षता काढून घ्याव्यात आणि तू सगळ्यांदेखत "बाबा, उठा तिथून" म्हणावंस, इतकं काय झालं होतं?

यज्ञेश्वर पाठशाळेत शिकला. त्याचं चुकलं तर लोक म्हणतील, घाईत चुकलं. माझं चुकलं तर म्हणतील, मुगलसरायच्या रेल्वे मालधक्क्यावरच्या मालबाबूचा मुलगा, कुणाच्या पायाशी बसून शिकलाय कुठे? मी पोथ्या लावून, जुन्या लोकांच्या मागे बसून, एकेक स्वर स्वतः घासून शिकलो. मला चुकायची परवानगी नाही. ही गोष्ट महमूरगंजच्या बाईंना काय कळणार?

उत्तर पाठव. तुझ्या भाषेत.

बाबा

*

ब्रह्मा घाट
सर्वपित्री अमावास्या, रविवार, २१ सप्टेंबर

रुचा,

तुझं उत्तर मिळालं. "निरोप मीच लिहिला, आणि पुरे झालं आता, दाखवा कुणाला तरी." बरं. हे तुझं आहे.

यंदा पितृपक्षात मला बरीच फुरसत होती. का होती ते तू विचारू नकोस. आई मात्र विचारल्याशिवाय राहिली नाही. काल मी आंघोळ करून आलो, देवघराशी गेलो, पायाला काही लागल्यासारखं वाटलं, म्हणून परत मोरीकडे वळलो. ती भाकरी थापत होती. मागे न बघता म्हणाली, "पुरात गंगा वरपर्यंत चढली होती तेव्हा तिथेच राहायचंत हो. टाकीचं पाणी तरी वाचलं असतं."

तिचं हे असं. पण मी काही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. चौकशी केली.

मंगळवारी मैदागिनहून टोटो रिक्षा करून महमूरगंजला गेलो. खाली चष्म्याचं दुकान, बाजूने जिना, वर पाटी. पाटीवर नाव हिंदीत आणि इंग्रजीत, पदव्या फक्त इंग्रजीत. समोर चहाची टपरी आहे. तिथे बसलो. चहा साधारण. वर कोण जातं, कोण येतं ते पाहिलं. बँकेतल्यासारखा एक माणूस, पिशवी सांभाळत. एक मुलगी आणि तिची सासू. सासू जिन्याखालीच थांबली आणि वरच्या खिडकीकडे अशी बघत राहिली, जणू तिथून आपल्या घरातली भांडी खाली येणार आहेत. मला त्या बाईबद्दल आपलेपणा वाटला.

मग घरी येऊन मी तिथे फोन केला. स्वतःच्या नावाने कशाला करू? विश्वजीत म्हणून केला. बाईंनी स्वतःच उचलला.

"मेरे एक मित्र हैं," मी म्हणालो. "कर्मकांडी हैं. मंत्र दो बार बोल देते हैं."

"दो बार?"

"कभी-कभी ज़्यादा."

"और जिस दिन न दोहराएँ, उस दिन?"

"उस दिन क्या?"

"उनको क्या लगता है, क्या हो जाएगा?"

मी फोन ठेवला. पाच मिनिटांत मेसेज आला: "मित्र जब चाहें आ सकते हैं. नाम बताना भी ज़रूरी नहीं."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! विश्वजीत खोटा, हे त्यांना कसं कळलं? तू फोन केला होतास? की आईने? आईला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही मित्राची तक्रार सांगायला फोन कराल? तुम्हाला मित्र आहे कोण?" हे उत्तर आहे की टोमणा, ते मी ठरवू शकलो नाही.

आता खरी गोष्ट ऐक. काल शनिवारी मी परत त्या टपरीवर गेलो. साडेचारला जिन्यावरून कोण उतरावं? यज्ञेश्वर! धोतर नाही, पँट-शर्ट, डोक्याला गमछा. त्याने मला पाहिलं नाही. भराभरा रथयात्रा चौकाच्या दिशेने निघून गेला.

मी घरी चालत आलो आणि वाटभर जुळवत आलो. निवेदिताच्या मांडवात माझ्या हातच्या अक्षता कुणी घेतल्या? यज्ञेश्वरने. त्यानंतर जोशांकडचं, गर्द्यांकडचं, पितृपक्षातलं सगळं काम कुणाकडे गेलं? यज्ञेश्वरकडे. आणि ज्या बाईंकडे तू मला पाठवतेस, त्यांच्याकडे माझी माहिती पोचवायला कोण जातं? मी एकदा त्या जिन्यावर पाय ठेवला की संध्याकाळपर्यंत घाटभर होणार, वेणीमाधवाचं डोकं फिरलंय, त्याला बोलावू नका. तुझ्या लग्नाचे गुरुजी कोण, हेही मला आता कळलं. तुला यातलं किती ठाऊक होतं, ते लिही.

बाबा

*

ब्रह्मा घाट
आश्विन शुद्ध एकादशी, शुक्रवार, ३ ऑक्टोबर

रुचा,

"वाटेल ते जुळवू नका" एवढ्या एका ओळीचं पत्र पाठवायला स्पीडपोस्ट कशाला लागतं? असो.

काल दसरा. संध्याकाळी यज्ञेश्वर सोनं द्यायला आला, दरवर्षी येतो तसा. बिंदुमाधवाचं दर्शन करून, आपट्याची पानं घेऊन. वाकला, पान हातावर ठेवलं, म्हणाला, "काका, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

मी पान हातात तसंच धरून विचारलं, "महमूरगंजला कशाला जातोस?"

त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

"कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"माझे डोळे आहेत. माझ्याबद्दल काय काय सांगितलंस त्यांना?"

"तुमच्याबद्दल?" तो ओट्यावर बसला. मग एकदम हसला, मोठ्याने, वाईट वाटण्यासारखा. "काका, शनिवारची वेळ माझी स्वतःची असते हो. त्या पाऊण तासात मला माझंच उरकत नाही, तुमचं कुठे सांगत बसू?"

त्याची आई गेली त्यानंतरची गोष्ट आहे. दुसऱ्यांच्या घरी श्राद्धाला बसला की यजमानाच्या आईचं नाव घ्यायच्या जागी याचा गळा बंद व्हायचा. शब्द येईचना. पाठशाळेत सुवर्णपदक मिळवलेला माणूस. सर्दीचं निमित्त सांगून त्याने किती कामं सोडली, ते त्यालाच ठाऊक. मला कधी कळलं नाही, आणि माझी नजर बारीक आहे असं मी समजतो. हे तुला लिहू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिहा. रुचाला चालेल. घाटावर नको."

"मग आता गळा उघडला?" मी विचारलं.

"पुष्कळसा. पितृपक्षात गर्द्यांकडे रडलो मधेच. पण शेवटपर्यंत म्हटलं."

"रडत श्राद्ध सांगितलंस? शास्त्रात बसतं का?"

"यजमानही रडत होते, काका. कुणी तक्रार केली नाही."

मग म्हणाला, "निवेदिताच्या लग्नात अक्षता घेतल्या म्हणून तुमचा राग आहे. पण लग्न लागायला साडेबारा होऊन गेले होते. मुलगी माळ धरून ताटकळत उभी होती. तुम्हाला कुणी हात लावायला धजत नव्हतं."

मी म्हटलं, साडेबारा शक्य नाही. आतून तुझी आई म्हणाली, "बारा चाळीस." तिने तेव्हा घड्याळ पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं. मी ओंजळीतल्या पाण्याकडे पाहत होतो, ते सांडलं की नाही एवढंच.

पहिल्या पत्रात मी "थोडा" असा शब्द वापरला होता. तो खोडून वाच.

तरीही माझं मन वळलं असं समजू नकोस. यज्ञेश्वरचं दुःख साधं आहे, कुणालाही कळेल. आई गेली, रडू आलं. माझं तसं नाही. माझ्याकडे दुःख नाहीच, अचूकपणा आहे, आणि अचूकपणाला इलाज करायला निघालेल्या माणसाचा मला संशय येणारच. उद्या बरा होऊन मी गोत्र चुकवायला लागलो तर?

यज्ञेश्वर गेल्यावर आई बाहेर आली. हात पदराला पुसले, फोन काढला, माझ्यासमोर धरला. रेल्वेची तिकिटं होती. दोन. वर अन्नपूर्णा, खाली वेणीमाधव, वय चौपन्न. तारखेवर तिने अंगठा दाबून धरला होता.

"मी एकटी जाऊन लेकीचं लग्न लावून येऊ शकते," ती म्हणाली. "दुसरं कॅन्सल करायला मला दोन मिनिटं लागतील, रोहनने शिकवलंय."

"अंगठा काढ."

"नाही काढणार. तारीख दिसली की आजपासून तुमचं तिथी-गोत्र घोकणं सुरू होईल. मांडवापर्यंत तुम्ही शिल्लक राहणार नाही, आणि पोरगी तिथे वाट बघत असेल." मग तिचा आवाज बदलला. "अहो, तिला गुरुजी नकोयत. तिला बाप हवाय. तेवढंही जमणार नाही का?"

हे पत्र त्याचं उत्तर समजू नकोस.

बाबा

*

ब्रह्मा घाट
वसुबारस, शुक्रवार, १७ ऑक्टोबर

रुचा,

दोनदा जाऊन आलो. गेल्या बुधवारी आणि परवा. आई दोन्ही वेळा खाली चष्म्याच्या दुकानात बसली. तिने आता नवी फ्रेम पसंत केली आहे.

पहिल्या भेटीत मी बाईंना सांगितलं की आपण काय करता त्याबद्दल मी वाचून आलो आहे. त्या म्हणाल्या, "बहुत अच्छा, मेरा काम आधा हो गया." ही खुशामत आहे हे मी ओळखलं. त्या लिहून घेत होत्या, म्हणून विचारलं, हे कागद कोण बघतं? त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. बंगाली अक्षर. मला वाचता येत नाही, हे त्यांना ठाऊक असणार. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "शक करना है तो आराम से कीजिए, उसके लिए भी समय रखा है." अशा माणसाशी भांडण वाढत नाही.

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो विश्वजीतला विचारला होता. दोहराया नहीं, तो क्या हो जाएगा?

मी शास्त्र सांगितलं. संकल्पात नाव, गोत्र, तिथी चुकली तर कर्माचं फळ कर्त्याला मिळत नाही. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "फल नहीं मिलेगा, इतने से आदमी का हाथ ऐसे नहीं काँपता." मी हात मांडीखाली घेतला.

त्या दिवशी मी पुढे बोललो नाही. परवा बोललो. जे त्यांना सांगितलं ते तुला आधी सांगायला हवं होतं, म्हणून आता लिहितो. मधे थांबू नकोस, वाचून टाक.

तू पुण्याला गेलीस तेव्हापासून रोज पूजेत मी तुझ्या नावाने संकल्प करतो. आयुष्य, आरोग्य, नेहमीचंच. गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी पाणी सोडतासोडता दारावर कुणी हाक मारली. माझं लक्ष गेलं. तुझं नाव उच्चारलं गेलं की मनातच राहिलं, हे कळेना. पुन्हा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, एक दिवस राहिलं म्हणून काय होतंय, आणि उठलो. त्या दिवशी दुपारी कर्वे रस्त्यावर तुझी स्कूटर घसरली.

तू हसशील. हाताला प्लास्टर लागलं, महिन्याभरात निघालं, रस्त्यावर वाळू होती. हे सगळं मला ठाऊक आहे. वाळू कुणी टाकली तेही तू सांगितलं होतंस. तरी त्यानंतर तुझं नाव मी एकदा म्हणून कधी उठलेलो नाही. मग तेच दुसऱ्यांच्या नावांना लागलं, कारण तीही कुणाची तरी मुलं. मग पाण्याला लागलं, मग पायांना. आणि दिवसभर तुला फोन. तुला वाटायचं बाबा पाळत ठेवतात. मी फक्त तू "हॅलो" म्हणतेस का, एवढंच ऐकायचो.

बाईंनी विचारलं, "आपके यहाँ किसी से कर्म में भूल हो जाए तो कोई उपाय नहीं है?"

"है," मी म्हणालो. "प्रत्येक कर्माच्या शेवटी आहे. कमी-जास्त झालं असेल ते देवाने पूर्ण करून घ्यावं, असं म्हणून पाणी सोडायचं. त्याशिवाय कुठलंही कर्म संपतच नाही." हे मी मराठीतच बोलून गेलो. त्यांना कळलं.

"आप यह बोलते हैं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, रुचा. गेलं वर्षभर तुझ्या संकल्पात मी तिथवर पोचलेलोच नाही. सुरुवातच करत राहिलो. दुसऱ्यांना चुकीची माफी मागून देत होतो, माझी पाळी येईपर्यंत कधी थांबलो नाही.

यानंतर त्या माझ्या बाजूच्या झाल्या असं समजू नकोस. त्यांनी एक काम दिलं, आणि ते देताना त्यांचा चेहरा मला अजिबात आवडला नाही, जणू ऑपरेशनला नेताहेत. रोज तुझ्या नावाचा संकल्प एकदा करायचा. शंका आली तरी पुन्हा नाही. शंका येऊ द्यायची, ती बसेल तितका वेळ तिला बसू द्यायचं, आणि आपण शेवटचं पाणी सोडून उठायचं. गरज पडली तर त्या डॉक्टरांकडेही पाठवणार आहेत, औषधासाठी. मी म्हटलं, आधी हे करून बघतो. त्या म्हणाल्या, दोनों साथ में भी होता है. यावर आमची चर्चा चालू आहे.

काल जमलं नाही. चार वेळा म्हटलं.

आज जमलं. वसुबारसेची पूजा आईने गल्लीतल्या गाईची केली, मी घरात बसलो. तुझं नाव एकदा घेतलं. "रुचा" मधला पहिला स्वर ऱ्हस्व झाला की दीर्घ, ते मला ठाऊक नाही. शेवटचं पाणी सोडलं आणि उठलो. आई म्हणाली, "जेवा." मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही, जे माझ्या बाबतीत कधी होत नाही.

दीड वाजता आईचा फोन खाटेवर पडला होता. मी तो उचलला. तुझं नाव काढलं. आई दारात उभी राहून बघत होती. मी फोन परत ठेवला. तो ठेवण्यासाठी जेवढं बळ लागलं, तेवढ्यात मी पूर्वी आख्खा लघुरुद्र सांगायचो.

लग्नाला यज्ञेश्वरलाच बोलाव. मी त्याच्या उच्चारांवर लक्ष ठेवणार नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. लक्ष जाईल. बोलणार नाही, एवढं लिहितो. तिथी कळवायची की नाही, ते तू आणि बाई मिळून ठरवा. मला ती कळली काय आणि न कळली काय, आई सांगेल त्या दिवशी मी गाडीत बसेन.

तू बरी आहेस ना, असं विचारून पत्र संपवायची रीत आहे. बाईंच्या मते ते विचारणं म्हणजे संकल्प पुन्हा म्हणणं. त्यामुळे विचारत नाही.

बाबा